उजव्या हातावरची मिश्री

माझं आणि माझ्या बाळकृष्णाचं बोलणं बंद होतं, तेव्हाची ही गोष्ट. अबोला अर्थातच माझ्या बाजूने होता. तो बोटभर पितळेचा, रांगता, तो काय बोलणार? पण लग्नात आईने अन्नपूर्णेबरोबर तो माझ्या ओटीत घातला, तेव्हापासून रोज आंघोळ घालताना मी त्याच्याशी बोलत आले. आज भाजी काय करू इथपासून ते जावेने काल काय टोमणा मारला इथपर्यंत सगळं त्याच्या कानावर घालायचं आणि मग कामाला लागायचं, ही माझी पद्धत. गेल्या हिवाळ्यात मात्र मी त्याला ताम्हनात घेत असे, पाणी घालत असे, पुसून गंध लावत असे, पुढ्यात दूध-साखर ठेवत असे आणि तोंडातून अवाक्षर न काढता उठत असे. देव आहे की नाही, असला प्रश्न मला पडला नव्हता. तो आहे आणि माझं मुळीच ऐकत नाही, अशी माझी खात्री झाली होती. मनाला ते जास्त लागतं.

मी मूळची साताऱ्याकडची. हे गेले आणि वर्षाच्या आत मुलाने गावचं घर कुलूप लावून बंद केलं आणि मला भोपाळला घेऊन आला. तो इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनियर आहे. अवधपुरीत त्याचं वरच्या मजल्यावरचं घर आहे. सून शाहपुऱ्याला एका ऑफिसात जाते. दोघं सकाळी डबे घेऊन बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि फ्रिजचा आवाज. दोघंही माझं सगळं करतात, उगाच नावं ठेवणार नाही. पण दिवस फार मोठा असतो. गाव छान आहे, तळी आहेत, माणसं 'जी' लावल्याशिवाय बोलत नाहीत. पण बोलायला मला हिंदी यायला हवी ना? टीव्हीवरची समजते, पण माझ्या तोंडून निघेपर्यंत तिची मराठी होते. भाजीवाल्याला मी एकदा म्हटलं, "जरा खाली दो", म्हणजे टोपली खाली ठेव. त्याने माझी पिशवी रिकामी करून हातात दिली. तेव्हापासून मी भाजी आणायलासुद्धा सुनेबरोबरच जाऊ लागले.

आता मिश्रीचं सांगते. आमच्याकडच्या बायकांना हे सांगायला नको, पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची भुकटी करायची, चिमूटभर डाव्या तळहातावर घ्यायची आणि उजव्या हाताच्या बोटाने दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. नाव दात घासण्याचं, पण खरं म्हणजे ती नशाच. पहिल्या बाळंतपणानंतर माझी दाढ ठणकायला लागली, तेव्हा सासूबाईंनी 'लाव थोडी' म्हणून दिली. ती जी तोंडाला लागली ती लागलीच. आधी सकाळी, मग जेवल्यावर, मग चहा झाल्यावर, मग उगाच. आम्हा चौघी-पाचजणींची परसदारी रोज बैठक असायची. तोंडात बोट घालून जेवढं बोलता येतं तेवढं बोलायचं, बाकीचं डोळ्यांनी. कोणाच्या घरात काय शिजतंय, कोणाची लेक माहेरी येऊन का बसली आहे, सगळा निकाल तिथे लागायचा. भोपाळला आल्यावर त्या बैठकीतली फक्त मिश्री माझ्याबरोबर उरली. जाऊ गावाहून डबाभर भाजून पाठवायची, आणि ती तळहातावर घेतली की वासाबरोबर क्षणभर परस यायचं, त्या बायका यायच्या, आमचे हे आतून ओरडायचे, "झाली का नाही तुमची सभा?"

मग तोंडात आग व्हायला लागली. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. सुनेच्या ते लक्षात आलं आणि ती मला शाहपुऱ्याच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. पोरगीच होती, पण गालाच्या आत बॅटरी मारून बघितल्यावर तिचा चेहरा बदलला. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. ती हिंदीत सांगत होती, सून मला मराठीत सांगत होती आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. मिश्री आजपासून बंद. बंद केली तर चट्टा जाईल अशी आशा आहे. पुढच्या खेपेला तो तसाच दिसला, तर तिथला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. कॅन्सर हा शब्द तिने उच्चारला नाही, सुनेनेही नाही, मीही नाही. 

डबा मी स्वतः बेसिनमध्ये रिकामा केला. तेवढा मानीपणा माझ्यात आहे. काळं पाणी खाली गेलं, डबा घासून उन्हात पालथा घातला आणि वाटलं, झालं, सुटलं. कसलं सुटतंय! दुसऱ्या दिवशी सकाळी उठले ते डोकं धरूनच. पोट साफ होईना. हाताला कंप. उजव्या हाताचं ते बोट आपोआप तोंडाकडे जायचं, मी त्याला दुसऱ्या हाताने धरून खाली आणायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की तलफ येईल, पण ती कायम टिकत नाही. दूध उतू जायला येतं तशी ती वर येते, तेवढा वेळ निभावून नेलात की खाली बसते. पाणी प्या, लवंग धरा दाताखाली, फेऱ्या मारा, हाताला काम द्या. मी सगळं केलं. लवंगांनी जीभ बधिर झाली, फेऱ्या मारून गुडघे धरले, हाताला काम म्हणून घरातले सगळे डबे दोनदोनदा घासले. तलफ खाली बसायची हे खरं, पण जरा वेळाने पुन्हा यायची. आणि माझी जीभ! भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी सुनेला नाही नाही ते बोलले, आणि भाजी केली होती मीच. ती आत गेली. मुलगा माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसा बघत राहिला.

मिश्रीबरोबर माझी सकाळ गेली, हे मला कोणाला सांगता येईना. कोणाला सांगणार, आणि काय म्हणून? तंबाखूसाठी रडते म्हातारी, असंच कोणीही म्हटलं असतं. मी बाळकृष्णाला सांगितलं. पहिले काही दिवस हात जोडून सांगितलं, बाबा, माझ्याने होत नाही, तू सोडव. मग रडून सांगितलं. त्याने काही केलं नाही. तलफ तशीच, चट्टा तसाच. मी रोज आरशासमोर तोंड वासून बघत होते. मग मी त्याच्याशी बोलायचं सोडलं. घरात बोलायला एक तोच होता, तोही गेला.

त्या दिवसांत मला एकच सोबत होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. आमच्या मागच्या बाल्कनीतून खालची गल्ली दिसते. पलीकडे एक बैठं घर आहे, पुढे छोटंसं अंगण, तुळस, नळ. त्या घरातली बाई, माझ्याच वयाची असेल, रोज सकाळी उन्हात पायरीवर बसायची. हातात वाटी. वाटीत बोट बुडवायची आणि दातांना, हिरड्यांना चोळायची. सावकाश, डोळे मिटून, अगदी आमच्या परसातल्यासारखी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कठड्यावरून खाली वाकले. म्हटलं, अगं बाई, ही तर आपल्यातलीच! भोपाळात मिश्री लावणारी बाई! तेव्हापासून रोज तिच्या वेळेला मी बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या निमित्ताने उभी राहायची. कधी कधी वाळलेलेच कपडे पुन्हा झटकून घालायची. ती चोळायची आणि मी बघायची. त्याने तलफ वाढायची हे कळत होतं, तरी पाय तिकडेच वळायचे.

अशातच एका सकाळी जावेचा फोन आला. मुलगा-सून नुकतीच बाहेर पडली होती. फोनवर मागून बायकांचा गलका ऐकू येत होता. जाऊ म्हणाली, परसात बसलोय, तुमचीच आठवण निघाली होती. तिच्या बोलण्यावरून कळत होतं की बोट तोंडात आहे. कोणीतरी काहीतरी बोललं, सगळ्या हसल्या आणि फोन कट झाला. मी परत लावला, कोणी उचलला नाही. हसण्यात ऐकू आला नसेल. मी तशीच खुर्चीत बसून राहिले. असं एकटं मला हे गेले त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं.

मग तलफ आली. आधीच्या सगळ्या एका बाजूला आणि ही एका बाजूला. लवंगेने नाही, पाण्याने नाही. अंग थरथरायला लागलं, कपाळावर घाम, थंडीत. मी देवघरापुढे गेले आणि इतक्या दिवसांचा अबोला मोडला. पण कसा मोडला, ते लिहायला आज लाज वाटते. मी त्याला म्हटलं, "मला आता काही नको. चट्ट्याचं काय करायचं ते तुझं तू बघ. मला एवढी चिमूटभर मिश्री दे. देणार नसशील तर उद्यापासून तुझी आंघोळ सून घालेल." असं म्हणून मी चपला घातल्या, कुलूप लावलं आणि जिना उतरून गल्लीत आले.

ती पायरीवर नव्हती. दार उघडं होतं. मी फाटकाची कडी वाजवली आणि ती पदराला हात पुसत बाहेर आली. जवळून बघितली तर चेहरा हसरा, कपाळावर टिकली नाही. मी काय बोलायचं ते जिन्यात जुळवून आले होते, ते सगळं विसरले. डोळ्यांत पाणीच आलं. कसंबसं म्हणाले, "बहनजी, थोडा मिश्री मिलेगा? कितने दिन से नहीं लिया. अब सहन नहीं होता." आणि इतक्या वर्षांची सवय, डावा हात पसरून तिच्यापुढे धरला. हात नुसता कापत होता.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, हाताकडे बघितलं आणि 'बैठो, बैठो' म्हणत मला पायरीवर बसवलं. धावतच आत गेली. मला वाटलं, बाईला बरोबर कळलं, तलफेची जात तिला माहीत आहे. ती एक लहान चांदीची वाटी घेऊन आली. मी डावा हात पुन्हा पुढे केला. ती म्हणाली, "सीधे हाथ में लो दीदी, ठाकुरजी की है."

मला वाटलं, हात सरळ कर म्हणतेय. मी डावा तळवा आणखी ताणून सपाट केला. ती म्हणाली, "सीधा, सीधा." मी बोटंसुद्धा ताठ केली. याहून सरळ तो काय करणार? सीधा हात म्हणजे उजवा, हे मला कुठे ठाऊक! तेव्हा ती हसली, खाली बसली, माझा उजवा हात मांडीवरून उचलून स्वतःच्या हातात घेतला आणि त्यावर वाटी उपडी केली. तळहातावर पांढरे, चकचकीत खडे पडले.

खडीसाखर होती ती. इकडे तिलाच मिश्री म्हणतात, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. तिने माझी मूठ बंद केली आणि तोंडाकडे नेत म्हणाली, "खा लो, अभी ठीक लगेगा." मी एक खडा तोंडात टाकला. काय करणार होते? ती माझा हात सोडत नव्हती. माझा हात असा कोणी हातात धरून ठेवला त्याला किती काळ लोटला होता, हे मला तेव्हा कळलं आणि मी त्या अनोळखी बाईच्या पायरीवर बसून मोठमोठ्याने रडले. तिने कारण विचारलं नाही. पाठीवरून हात फिरवत राहिली. खडा विरघळत होता, मी तो जिभेने या गालातून त्या गालात ढकलत होते, तोंडाला पाणी सुटत होतं. ऊन अंगावर येत होतं. केव्हातरी माझ्या लक्षात आलं की तलफ खाली बसली आहे. पुन्हा यायची होती, आलीही. पण त्या दिवशीची गेली.

समोरच्या उघड्या दारातून आतलं देवघर दिसत होतं. चौरंगावर रेशमी कपडे घातलेला, मुकुट घातलेला, पण तोच. माझाच रांगता बाळकृष्ण. इकडे त्याला लड्डू गोपाल म्हणतात, ठाकुरजी म्हणतात. मी बोट दाखवून म्हटलं, "ये मेरे घर में भी है." ती म्हणाली, "तो फिर आप रोज आया करो."

सरोज तिचं नाव. नवरा नाही, एक मुलगा इंदूरला. तिचीही सकाळ माझ्यासारखीच मोठी होती. मी रोज जाऊ लागले. तिच्या वाटीत काय असतं तेही कळलं. मीठ, हळद आणि मोहरीचं तेल, हिरड्यांसाठी. तंबाखूला ती आयुष्यात शिवलेली नव्हती.  मी तिच्याकडे काय मागायला आले होते, ते सांगायची छाती होईना. मैत्री नवी होती, आणि मला ती फार हवी होती.

तलफ रोज यायची. घरी असले तर एक खडा दाढेखाली धरायची आणि दूध खाली बसायची वाट बघायची. सुदैवाने मला साखरेचा आजार नाही. पुढे खड्याचा आकार लहान करत गेले, मग त्याजागी बडीशेप आली. सुनेची मी माफी मागितली. ती म्हणाली, "आई, मी समजत होते, तुम्हाला इथे आवडतच नाही." मी तिला परसाची सगळी हकिकत सांगितली, त्या रात्री आम्ही दोघी उशिरापर्यंत बोलत बसलो. पहिल्यांदाच.

डॉक्टरीणबाईंकडे जायची वेळ आली तेव्हा माझा जीव मुठीत होता. तिने बराच वेळ बॅटरी धरून बघितलं. मग मास्क खाली केला, तेव्हा ती हसत होती. चट्टा फिका झाला होता, लहानही झाला होता. तुकडा काढायची आज तरी गरज नाही, पण येत राहा, आणि मिश्रीला हात लावू नका, म्हणाली. साखरही जपून, दातांची वाट लागेल, हेही वर ऐकवलं. मी खुर्चीवरूनच वर हात जोडले.

त्या दिवशी परत येताना सून म्हणाली घरी चला, पण मी आधी सरोजकडे गेले आणि तिला सगळं सांगून टाकलं. आमच्याकडे मिश्री कशाला म्हणतात, मी काय मागायला आले होते, आणि डावा हात का पसरला होता. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मला वाटलं हसेल, किंवा रागावेल. 

मग म्हणाली, "दीदी, मैं समझी आपकी शुगर गिर गई है. हाथ काँप रहे थे. इसलिए भागी." थोडं थांबून देवघराकडे बघत म्हणाली, "भोग लगाए बिना मैंने आज तक किसी को दाना नहीं दिया. बेटे को भी नहीं. वो मिश्री उनके सामने रखी ही थी. उस दिन पहले आपको दे दी, ठाकुरजी को बाद में."

 लोक म्हणतील, योगायोग आहे, एका शब्दाचे दोन अर्थ, म्हातारीची हिंदी कच्ची. असेल. माझी हिंदी कच्ची आहे हे तर खरंच आहे. मला एवढंच ठाऊक आहे की त्या सकाळी मी देवाला धमकी देऊन मिश्री मागितली होती, आणि त्याने ती दिली. मराठीत मागितली, हिंदीत मिळाली. स्वतःच्या पुढ्यातली उचलून दिली, आपण जेवायच्या आधी. मी विष मागायला निघाले होते आणि माझ्याच शब्दाने मला वाचवलं. तेव्हापासून मी त्याच्याजवळ मागते, भांडते, पण काय द्यायचं ते सांगून झाल्यावर जरा गप्प बसते. मला हवं ते आणि त्याच्या वाटीत असेल ते, एकाच नावाचं असूनही वेगळं असू शकतं, एवढं मला कळलं आहे. द्यायचं ते त्याने ठरवावं.

आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, हे सांगायलाच नको. सकाळी त्याला ताम्हनात घेते तेव्हा आजही कधी कधी डाव्या तळहाताला त्या भुकटीची आठवण होते आणि तो आपोआप वर वळतो. मग मी त्याच्याकडे बघते. लग्नापासून रोज आंघोळ घालते आहे, पण कधी नीट बघितलंच नव्हतं. त्याचा डावा हात जमिनीला टेकलेला आहे, आणि लोण्याचा गोळा आहे तो वर केलेल्या उजव्या हातात. मी डावा हात खाली ठेवते आणि उजवा पुढे करते.